कोऱ्या कागदावरची सही

इकडं बसा पाव्हणं, पिशवी मांडीवर घ्या, म्हंजे जागा होती. जिंतूरची गाडी आता लागंल, आता लागंल म्हणून तासभर झालं सांगायलेत. तवर तुमाला सही कशी करू नाही ह्येची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मोठ्यानं न्हाई. ह्या स्टँडवर मपल्या वळखीचे लय लोक हायेत आन त्येंच्यापुढं मी आजून इज्जतदार माणूस हाय.

मी बोरीचा. नाव येडबा. मेंढरं थोरल्या भावाकडं, मपल्याकडं पिठाची गिरणी. घर पक्कं, वर पाण्याची टाकी, दारात मोटारसायकल. तवा गरीब म्हणून सरकार काही देत न्हाई आन श्रीमंत म्हणून गाव काही इचारत न्हाई, आसलं आपलं मधलं काम. शाळा चौथी. पण सही येती! गिरणीचं लायसन काढायला गेलो तवा कारकुनानं न इचारताच शाईचं पॅड पुढं सरकवलं. इतका राग आला की तसाच माघारी आलो आन महिनाभर गुरुजीच्या वट्यावर बसून सही गिरवली. आधी अक्षरं टाकायची, मग वरची रेघ एका दमात वढायची, आन मग खाली दोन टिंबं. टिंबं कामून द्यायची ते गुरुजीलाबी म्हाईत नव्हतं. पण तीस वरसं झाली, बँकेत म्हणा, पंचायतीत म्हणा, लेकराच्या प्रगतीपुस्तकावर म्हणा, तीच सही. कुण्या मायच्या लालनं तिच्यावर बोट ठेवलं न्हाई.

ते ठेवलं मोबाइलनं.

त्येचं आसं झालं. मपली पोरगी बबिता परभणीत अन्नतंत्र शिकली. अन्नतंत्र म्हंजे काय, तर पिठात पाणी किती, चिकटपणा किती, कोंडा किती, हे काचंच्या नळीत घालून बघायचं. मी तीस वरसं झालं चिमटीत पीठ धरून तेच सांगायलोय, पण मला कुणी डिग्री दिली न्हाई. आसो. तर हैदराबादच्या एका बिस्कुटाच्या कंपनीनं तिला निवडली. सहा महिने ट्रेनिंग, ऱ्हायला होस्टेल, आन काम चांगलं केलं तर पुढं नोकरी. आमच्या घरात आजवर जास्तीत जास्त लांब कुणी गेलं आसंल तर मेंढरं. तीबी चरून माघारी येत्यात.

गुरवारी सकाळी कंपनीचा मेल आला. होस्टेलवर ऱ्हायाला पालकाची संमती पायजे. आज संध्याकाळी पाचच्या आत बापाची सही करून धाडा, न्हाईतर यादीतलं पुढचं नाव घेऊ. पुढचं नाव काय, तयारच बसलेलं आसतंय.

मी म्हणलं, "आण कागद. करतो सही."

बबिता म्हणली, "बाबा, कागद मोबाइलमध्ये हाय."

"मग काढ भाईर."

"भाईर काढायचा न्हाई. आतच सही करायची. ह्या चौकोनात. बोटानं."

आता मपली बोटं बघा. हे, हात लावून बघा. तीस वरसं गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी घालून घालून ह्येच्यावर एक रेघ शाबूत न्हाई. रेशनच्या मशीनला तर मी कोण हाय हे आजून कळलेलं न्हाई. दर महिन्याला कासाबाईच्या अंगठ्यावर मी जेवतो. कासाबाई म्हंजे मपली मंडळी.

तरी केली. पहिल्या वक्ताला काहीच उमटलं न्हाई. दुसऱ्या वक्ताला जोर दिला तर कोकराचं शेपूट आल्यावाणी एक वाकडं काईतरी आलं. तिसऱ्या वक्ताला अक्षरं बरी आली, म्हणून खुशीत वरची रेघ एका दमात वढली, तर कागदच पळाला! जागेवर कुण्या मैत्रिणीच्या लग्नाचा फोटो. नवरा-नवरी हात जोडून मपल्याकडं बघायलेत. सही करायला जावं आन कागद पळावा, आसं निजामाच्या राज्यातबी झालं नसंल.

तेवढ्यात दत्तराव आले. दत्तराव आमचे शेजारी. चाळीस वरसं ग्रामपंचायतीत शिपाई होते. साहेबाच्या दाराभाईर स्टुलावर बसून बसून सगळा कायदा आपल्या अंगात उतरला आसं त्येंचं मत हाय. आले होते ज्वारी दळायला. पण सहीचं कळलं तसा डबा ठेवला आन बसले की खाली!

"येडबा, बोट पुस."

पुसलं.

"आता जरा वलं कर."

वलं केलं.

"जास्त झालं. पुस."

दहा मिंट हेच. मंग म्हणत्यात, "दुसऱ्या बोटानं करून बघ." मी म्हणलं, दत्तराव, सही मपल्या ह्या बोटाला शिकवलीय, त्येला न्हाई. त्येला शिकवायचं तर आजून महिना लागंल आन गुरुजी वारले.

मंग कासाबाई स्वयंपाकघरातून काकडी घेऊन आली. सोललेली, पुढून टोक काढलेली. तिच्या बहिणीनं कुठंतरी बघितलं होतं म्हणं, की बोट चालंना तर काकडी चालती. मी इतका वेळ सोसलं, पण काकडीनं सही म्हणल्यावर डोस्कं तापलं. मी म्हणलं, ह्या हातानं मी मंत्र्याच्या सभेच्या रजिस्टरात सही केलीय!

"मंत्र्यानं वाचली का?" कासाबाई म्हणली. "धरा."

धरली. आन पाव्हणं, खोटं बोलणार न्हाई, काकडी चालली. मपल्या बोटाला न वळखणाऱ्या मशीननं काकडीला लगीच वळखलं. पण पाणी सुटलं ना तिला! सगळी सही सोलापुरी चादर भिजावी तशी फुगली, आन टिंबाच्या जागी दोन बिया चिकटून बसल्या. दत्तराव चष्मा वर करून म्हणले, "टिंबं मात्र झकास आलीत."

बबितानं मोबाइल वढणीला पुसला. तिला राग आला की ती बोलत न्हाई. ते तिच्या मायवर न्हाई गेलं.

मंग म्हणली, "बाबा, आजून एक सोय हाय. नुसतं नाव टाइप करायचं, त्येची आपोआप सही होती. हातानं केल्यासारखी."

टाइप केलं. एक न्हाई, चार सह्या आल्या वळीनं. इंग्रजीत. एक तिरपी, एक झोकदार, एक नवरीच्या पदरावाणी लोंबती, आन चौथी तर डाक्टरवाणी, काहीच वाचू न येणारी. महिनाभर वट्यावर बसून मी एक शिकलो, ह्येनं उभ्या उभ्या मपल्या चार केल्या, आन चारी मपल्यापेक्षा चांगल्या.

"तिसरी घे," दत्तराव म्हणले. "तुझ्या नावाला लय शोभायलीय. गिरणीची पाटीबी तीच कर."

"ती मपली न्हाई," मी म्हणलं.

"नाव तुझंच हाय."

"नाव मपलं, हात कुणाचा?"

बबिता म्हणली, "बाबा, सगळे तेच करत्यात."

"मंग सगळ्याच्या बापाला करू दे."

ह्येच्यावर वाद व्हायचा, पण कंपनीलाच मपली दया आली. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं बबिताला दिसलं: टाइप केलेली सही चालणार न्हाई, पालकाची सोताची पायजे. मी जिंकलो. सगळ्याकडं एकेकदा बघून घेतलं. पण जिंकून करता काय, दीड वाजला होता.

मंग मोर्चा निघाला धम्मशीलाताईच्या दुकानावर. तिचं रस्त्याला लागून कंप्युटरचं दुकान हाय. सातबारा, झेरॉक्स, फोटो, सगळं होतंय. हुशार बाई. पुढं मी, मागं बबिता, तिच्या मागं दत्तराव. ज्वारी तशीच गिरणीत. मी म्हणलं, दत्तराव, तुमी कशाला? तर म्हणले, "कायद्याचं काम हाय, माणूस सोबत पायजे."

धम्मशीलाताईनं सगळं ऐकलं आन हसली. "मामा, एवढंच ना? हा घ्या पांढरा कागद, हे पेन. मधोमध सही करा. मी तिचा फोटो काढून, कापून फॉर्मवर चिकटवते. दोन मिंटाचं काम हाय."

पेन हातात घेतलं. पेनाची गोष्टच न्यारी हो, हाताला आपलं माणूस भेटल्यावाणी वाटलं. टेकवणार, तेवढ्यात दत्तराव वरडले, "थांब! कोरा हाय!"

मी झटका बसल्यावाणी हात मागं घेतला. तुमी हसू नका. आमच्या घरात कोऱ्या कागदावर सही करत न्हाईत. मपला थोरला भाऊ पंडित, मेंढपाळांच्या सोसायटीचा चेअरमन होता. त्येला एकानं म्हणलं, हापशासाठी अर्ज करायचाय, मजकूर नंतर लिहू, तू खाली सही ठोक. त्येनं ठोकली. आठ दिवसांनी हापसा आला न्हाई, पंडितचा राजीनामा मंजूर होऊन आला. प्रकृतीच्या कारणानं! प्रकृती आशी, की ते वाचून त्येनं सोसायटीचं दार चौकटीसकट उपटलं. तवापासून कासाबाई वाणसामानाची यादीबी कागदाच्या अगदी वरून लिहिती, कोरी जागा ठेवत न्हाई.

"ताई," मी म्हणलं, "कोऱ्यावर होणार न्हाई."

"आवं मामा, मी काय तुमचा राजीनामा घेणाराय?"

"तू न्हाई घेणार. पण कागद उडून कुठं जाईल, काय सांगावं."

दत्तरावनं मंग सगळा ताबाच घेतला. ते म्हणतेल तसं मी केलं. कागदावर आडव्या दोन रेघा मारल्या. रेघांच्या मधी लिहिलं, "फक्त पोरीच्या बिस्कुट कंपनीकरता." वर तारीख. बाजूला वेळ. खाली आधारचा नंबर. मंग राहिलेल्या जागंत, एका कोपऱ्याला आंग चोरून, मपली सही. टिंबं तर आधारच्या नंबरावर बसली. आन हे सगळं समक्ष झालं म्हणून दत्तरावनं खाली आपली सही केली. चाळीस वरसं दुसऱ्याच्या सह्या बघण्यात गेलीत त्येंची. सगळी उबळ त्या एका सहीत निघाली. आर्ध्या कागदावर ऐसपैस, खाली तीन रेघा.

आसला भक्कम कागद आमच्या तालुक्यात झाला नसंल. मी खुशीत धम्मशीलाताईच्या हातात दिला. तिनं एकदा कागदाकडं बघितलं, एकदा मपल्याकडं, एकदा वर पंख्याकडं. "मामा," म्हणली, "ह्येच्यातून सही कापायची कशी? मी नुसती सही करून द्या म्हणलं तर तुमी कुंपण घालून दिलं."

"घालावंच लागतंय," दत्तराव म्हणले.

तिचं म्हणणं दुसरा कागद घ्या. मपलं म्हणणं हाच चालवा. ह्येच्यातच साडेतीन झाले. भाईर गिऱ्हाइकं उभी, चारला लाइट जाणार. शेवटी वैतागून तिनं तोच कागद मशीनला घातला. त्या मशीनमध्ये आसं हाय म्हणं, की कागदावरची सही ते आपोआप हुडकून कापतंय. हुडकली, कापली, चौकोनात बसवली, धाडली. तिनं बघितलं न बघितलं, तवर लाइट गेली.

मी सुटकेचा दम टाकला. चहा सांगितला.

सव्वाचारला बबिताचा फोन वाजला. कंपनीची म्याडम. पोरीनं मोठ्या आवाजावर लावला.

"बबिताजी, पिता का नाम येडबा लिखा है. साइन में तो दत्तराव आ रहा है. ये दत्तराव कौन हैं?"

मशीनला त्या कागदावर सही म्हणण्यासारखी एकच दिसली होती. कुणाची, ते काय सांगायला पायजे का?

आन ते म्हातारं! लाजावं का न्हाई? फोनजवळ तोंड नेऊन म्हणतंय, "मैं है दत्तराव! बाजूवाला! मेरी पूरी संमती है!"

म्याडम म्हणली, "देखिए, पाच बजे लिस्ट बंद होगी. पिताजी को एतराज है क्या? मना कर रहे हैं तो साफ बता दीजिए. दूसरी लडकी वेटिंग में है."

बबिता म्हणली, "नहीं म्याडम, भेजते हैं," आन फोन ठेवला. दुकानात सगळे मपल्याकडं बघायलेत. ह्येच टायमाला कासाबाई आली. हातात भाकरीचं फडकं, कारण मी सकाळपासून जेवलो नव्हतो. दारातूनच सगळं ऐकलं तिनं. फडकं टेबलावर ठेवलं आन चारचौघांत म्हणली,

"मशीन खराब का तुमी खराब, ते एकदा सांगा."

"म्हंजे?"

"बोटानं होईना, काकडीनं होईना, कागदावर होईना. गिरणीच्या मोटारीचं बिघडलेलं तुमी डोळे झाकून काढता. आन एक सही काढता येईना? सरळ म्हणा ना, पोरीला धाडायचं न्हाई."

मी म्हणलं, "डोस्कं फिरलंय का तुझं? मी सकाळपासून मर मर मरायलोय..."

"बाबा," बबिता म्हणली. लय हळू म्हणली. "धाडायचं नसंल तर न्हाई म्हणा. मी रडणार न्हाई, भांडणार न्हाई. पण काकडीनं नका सांगू."

आता तुमी परके माणसं, आज हाय उद्या न्हाई, म्हणून सांगतो. गावात सांगितलं न्हाई. सकाळपासून घड्याळ पुढं जायलं ह्येचं मला काही वाईट वाटत नव्हतं. कागद पळाला तवा राग आला, पण आतून बरंबी वाटलं. पोरगी गिरणीत पीठ चाळत मोठी झाली. ह्या घरातलं कोण चहात किती साखर खातंय, कुणाच्या गोळ्या कवा संपत्यात, ते तिला म्हाईत. ती गेल्यावर मी चष्मा कुठं ठेवला ते कुणाला इचारायचं? आन हे आसलं काही तोंडानं बोलायचं आमच्यात कुणाला शिकवलेलं न्हाई. गुरुजीनंबी फक्त सहीच शिकवली.

मी धम्मशीलाताईला म्हणलं, "कागद दे."

"कोरा हाय मामा."

"कोराच दे."

"येडबा!" दत्तराव खुर्चीतून उठले. "पंडितचं काय झालं ते..."

"पंडितनं हापशासाठी केली," मी म्हणलं. "तुमी बसा."

आन केली बगा. बरोब्बर मधोमध. पांढऱ्याफेक कागदावर, वर काही न्हाई, खाली काही न्हाई, सगळी जागा मोकळी, कुणी काय लिहायचं ते लिहा. वरची रेघ मात्र एका दमात आली न्हाई. मधीच तिला नांगराच्या तासावाणी वाक आला. टिंबं द्यायची राहिली. दत्तराव "टिंबं, टिंबं" करायलेत, पण धम्मशीलाताईनं मोबाइलवर फोटो काढलाबी होता. लाइट नव्हती तर तिनं सगळं मोबाइलवरच केलं; चार वाजून पन्नास मिंटाला धाडलं. मोबाइलवर होत होतं तर लाइटीची वाट कामून बघितली, आसं मी इचारलं. तिनं भाकरीचं फडकं मपल्याकडं सरकवलं.

पाचला तीन मिंटं कमी आसताना म्याडमचा निरोप आला: मिळाली, चालती. टिंब न्हाई, रेघ वाकडी, तरी चालती. तीस वरसं मी उगंच टिंबं देत बसलो.

दत्तराव तवापासून गावभर सांगायलेत, हैदराबादच्या कंपनीत येडबाच्या पोरीला आपण लावलं, फायलीत आपली सही हाय. हायच की. पहिल्या फॉर्मवर आजूनबी आसंल.

आज सकाळी बबिताला इथं परभणीच्या ठेसनात हैदराबादच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा भेटली. मायनं शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा डबा दिलाय, की पहिले चार दिवस पोरगी तेच तपासत बसंल. गाडी हालली तवा तिनं हात केला, मीबी केला. रडलो न्हाई. डोळ्यात कोंडा जाऊन जाऊन माणसाचं पाणी आटलेलं आसतंय. कासाबाई परभणीतच ऱ्हायली तिच्या बहिणीकडं, आन मी हा इथं बसलो.

पाव्हणं, आता एक काम करा. ही घ्या, त्या फॉर्मची झेरॉक्स. मपल्याच नावची हाय. सगळी इंग्रजीत. ज्येनं आजवर कोऱ्यावर कवा सही केली नव्हती, त्येनं भरलेला कागद न वाचताच पोरगी देऊन टाकली. बबितानं वाचून दाखवला, पण ती जाणारी, तिच्या सोयीचं तेवढंच वाचणार. धम्मशीलाताई तिच्याच बाजूची. दत्तरावला इंग्रजी येतंय, पण हे फक्त दत्तरावच म्हणतंय. तुमच्या खिशाला पेन हाय, डोळ्याला चष्मा हाय, शिकलेले दिसता. सगळं न्हाई वाचलं तरी चालंल. जेवणाचं, नियमाचं सोडून द्या. त्येच्यात घरी यायची सुट्टी कवा देणार ते लिहिलंय का बघा. गाडी लागली वाटतं, लागू द्या, दुसरी येती. सुट्टीचं कुठं लिहिलंय, तेवढ्या जागंवर बोट ठेवून दाखवा मला.